जमा : एक

१ डिसेंबर २०१७, सकाळी सात

कै. सौ. शशिकला मनोहर असनारे,

तुझ्या निधनास आज शहात्तर दिवस झाले. मी पूर्णतः सावरलो आहे. प्रस्तुत नोंद केवळ कामकाजासंबंधी आहे.

तुझ्या बारावीच्या वर्गाचे पर्यावरण प्रकल्प प्राचार्यांनी माझ्याकडे सोपवले. वर्गासाठी तू उघडलेली वेबसाइट अद्याप चालू आहे. संकल्प : चौतीसच्या चौतीस प्रकल्प पंधरा जानेवारीपर्यंत वेबसाइटवर. कागद स्वीकारला जाणार नाही. अकोटात हे प्रथमच घडेल.

४ डिसेंबर

संगणक-खोलीत प्रात्यक्षिक. उपस्थिती सहा. बाकीचे कापूस वेचणीला, बोंडअळीतून जे वाचले ते घरात आणण्याची घाई. फळ्यावर पानाच्या समासाचे नियम विस्ताराने लिहिले.

अडचण : प्रत्येकाच्या खात्यासाठी फोनवर कोड येतो. फोन घरात एक, तो वडिलांच्या खिशात, वडील वावरात. बंडू म्हणाला, "सर, बाप फोनच उचलत नाही, तं कोड काय वाचून सांगते!" वर्गात हशा. मी हसलो नाही.

मार्ग मीच काढला. विद्यार्थ्याला वेबसाइट कशी दिसते हे पाहण्यासाठी तू स्वतःच्या नावाने एक विद्यार्थी-खाते उघडले होतेस. त्याचाच पासवर्ड सर्वांना देऊन टाकला. एक नाव, एक दार. अशी साधी युक्ती आजवर कोणास सुचली नाही, याचे नवल वाटते.

१२ डिसेंबर, सायंकाळी सहा

नगमा आणि तिची आई आयशाबी घरी आल्या. मुलीने वही पुढे केली. "मॅडम तं वहीच घेत जाय ना, सर." मी माझे परिपत्रक वाचून दाखवले. आयशाबी म्हणाली, "सर, पोरगी पास झाली तं अमरावतीले नर्सिंगले धाडतो. नाही तं परतवाड्याचे लोक तयारच बसले हायेत. एप्रिलात अठरा पुरे होते तिले." अशा भावनिक मुद्द्यांनी प्रणाली डळमळत नसते, हे मी सौम्य शब्दांत सांगितले. वही परत केली. अक्षर सुंदर आहे. विषय : आमच्या वस्तीतील विहिरी.

गावात अब्दुल गफ्फार यांचे मोबाइल दुकान आहे, तेथून फोटो काढून पाठवावेत, असे सुचवले.

२० डिसेंबर

वेबसाइटवर पहिली नोंद. "शशिकला असनारे : जमा केले, सकाळी ९.१२." त्याखाली "जमा : १."

नंतर दाढी केली.

२३ डिसेंबर

"शशिकला असनारे : जमा केले, दुपारी १.४०." वेळ बदलली, आकडा एकच. नेटवर्क मंद असल्याने मोजणी मागे पडत असावी. दिवसातून नऊ-दहा वेळा पाहतो. कारण निव्वळ प्रशासकीय.

३ जानेवारी २०१८

वर्गात हजेरीसारखी चौकशी केली. बंडू : "टाकलं, सर." चंद्रभान : "मी पन टाकलं." स्वराली : "मी तं दोनदा टाकलं." वेबसाइटवर मात्र एक. खोटे बोलण्याचे प्रमाण चिंताजनक आहे.

गणिताच्या अनीसा मॅडम स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "असनारे सर, एकाच नावावर सगळे कावून? वेगळी खाती करू, मी बसते तुमच्यासोबत. अर्ध्या दिवसाचं काम." मी आभार मानून नकार दिला. प्रणालीत मध्येच बदल करणे अनुचित. शिवाय त्या नावाची आता विद्यार्थ्यांना सवय झाली आहे.

१५ जानेवारी, दुपारी चार

अंतिम दिवस. यंत्रणा सुस्थितीत आहे याची खात्री करण्यासाठी तुझ्या खात्यात स्वतः शिरून एक नमुना मुखपृष्ठ पाठवले. समास अचूक. ४.०५ ला "जमा केले." यंत्रणेत दोष नाही, हे सिद्ध झाले. दोष विद्यार्थ्यांत आहे.

पाच वाजता बोर्डाची गुणयादी भरली. चौतीस नावांपुढे "अनुपस्थित". सही केली. नियमासमोर सर्व समान. यादी अमरावतीस रवाना.

१८ जानेवारी

अनीसा मॅडमनी वेबसाइट उघडून पाहिली. म्हणाल्या, "सर, एका नावावर एकच काम राहते. नवीन टाकलं का जुनं जाते." मागील नोंदी दाखवल्या : छत्तीस वेळा जमा. प्रत्येकाने आधीच्याचे पुसले. सगळ्यांत शेवटी, पंधरा तारखेला ३.४० वाजता, विहिरींचा प्रकल्प.

त्यानंतर ४.०५.

पुसलेले परत आणता येत नाही. मी दोनदा विचारले.

१९ जानेवारी

नव्याने संकल्प. वह्या मागवल्या. एकतीस आल्या. सर्व तपासल्या, लाल शाईने गुण दिले. नगमा : वीसपैकी अठरा. दोन गुण समासाचे कापले. सोमवारी स्वतः जाऊन दुरुस्ती करून आणतो. बाब किरकोळ आहे.

२२ जानेवारी, अमरावती

सकाळच्या एसटीने आलो. मांडीवर एकतीस वह्या. बोर्डाच्या खिडकीवरील गृहस्थांनी यादी काढली. "सही तुमचीच ना, सर?" होय. "मंग आता कशी बदलवता? निकाल लागू द्या, मंग अर्ज करा." निकाल केव्हा? "जूनमंदी." आणि दुरुस्ती? "आता ते काय सांगू, सर, दिवाळीलोक होऊन जाईन." मी नर्सिंगच्या प्रवेशाची तारीख सांगितली. ते म्हणाले, "सर, मागं रांग हाय."

परतीच्या गाडीत वह्यांना जागा मिळाली. मी अकोटपर्यंत उभा.

२९ जानेवारी

प्राचार्यांचे पत्र : वेबसाइट व संगणक-खोलीचा कार्यभार आजपासून अनीसा मॅडमकडे. सविस्तर उत्तर लिहावयास घेतले. समास आखून कागद तसाच फाइलला लावला.

नगमा एकटीच आली. वही मागितली. आता तिचा काही उपयोग नाही, असे मी प्रामाणिकपणे सांगितले. "हाय ना, सर," ती म्हणाली. "परतवाड्याचे लोक रविवारी येऊन राहिले. पोरीचं अक्षर कसं हाय, विचारलं त्याईनं. अम्मी म्हने, हेच दाखवू."

अठरा गुण खोडून वीस केले. वही दिली. तिने वाकून आदाब केला.

नंतर तुझे नाव एकदा पाहिले. अजून "जमा केले" असेच आहे. संगणक बंद केला. खोलीला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या शिपाई नत्थुजींच्या हवाली केल्या; पोच घेतली.