फोर्टी-फाइव्हची खंडेनवमी

प्लेनो, १४ सप्टेंबर २०२४

ती. अक्का, कृ. शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय. मी रिव्हॉल्व्हर घेतोय. आधी पाणी पी, मग पुढे वाच.

शेजारच्या वॉल्टरचा नेमबाजीचा क्लब आहे. दर रविवारी आठ-दहा म्हातारे मोठ्या हॅट घालून जमतात आणि लोखंडी पाट्यांवर गोळ्या झाडतात. शस्त्र मात्र जुन्या चालीचं हवं, सिंगल ॲक्शन. म्हणजे दर गोळीला आधी अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा, मग चाप दाबायचा. घाईगडबड नाही. दुकानदारानं माझे पांढरे केस बघून बारक्या कॅलिबरचं पुढे केलं. मला रागच आला. मग वॉल्टरचं फोर्टी-फोर मॅग्नम झाडून पाहिलं, तर दोन दिवस चहाचा कप डाव्या हातानं धरला. शेवटी फोर्टी-फाइव्हवर आलोय. दणका देतं, पण माणुसकीनं. आता प्रश्न फक्त नळीचा. साडेपाच इंची हातात छान बसते, साडेसात इंची दिसते छान. रत्ना म्हणते की न घेणं हा तिसरा पर्याय आहे.

अक्का, आयुष्यभर ऑपरेशन थिएटरात लोकांना भूल दिली. माझ्या कामात आवाज म्हणून नव्हता. रिटायर झाल्यापासून घरही इतकं गप्प झालंय की फ्रिज सुरू झाला तरी बरं वाटतं. त्या क्लबात मला सगळे 'डॉक' म्हणतात.

अडचण लेकीची आहे. स्वानंदीनं सनीव्हेलहून ठणकावलंय, घरात गन असेल तर अनयाला घेऊन दिवाळीला येणार नाही. वर्षातून एकदा दिसणारी नात आहे गं. तू आत्या, तुझं ती ऐकते. जरा समजाव.

तुझा (अजून नि:शस्त्र) भाऊ,
मनोहर

---

बेलव्ह्यू, २४ सप्टेंबर

चि. मनोहरास, कान धरून अ. उ. आ.

दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल वाजलं की तू कानात बोटं घालून मोरीत जाऊन बसायचास. त्या पोराला आता फोर्टी-फाइव्ह हवं! माझ्या सुनेला पत्र वाचून दाखवलं, ती मिटिंग म्यूट करून हसत होती.

सिंगल ॲक्शन तुला शोभेल मात्र. तूही एका वेळी एकच काम करतोस, आणि तेही कुणीतरी मागून ओढल्यावर.

स्वानंदीला मी काहीही समजावणार नाही. तिचं बरोबर आहे. घर गप्प झालंय म्हणतोस आणि ज्या पोरीनं ते दणाणून जाईल तिलाच दारात अडवतोस, याला काय म्हणायचं? तरीही आणलंसच, तर खंडेनवमीला त्याची रीतसर पूजा कर. दरवर्षी स्टेथोस्कोपची करतोस ना? शस्त्र घरात आणायचं आणि बिनपूजेचं ठेवायचं, हे मला चालणार नाही.

रत्नाला आशीर्वाद. तिची मला काळजी वाटते, तुझी नाही.

तुझी,
अक्का (कांचन)

---

प्लेनो, १५ ऑक्टोबर

ती. वन्संना रत्नाचा सा. न. वि. वि.

तुमच्या भावानं साडेसात इंचीच आणलं. वजनाला वरवंटा! रिकामं करून कुलपात ठेवतात, एवढी अक्कल शाबूत आहे.

तुम्ही लिहिलंत तशी खंडेनवमीला पूजा केली. पाटावर स्टेथोस्कोप, माझी विळी आणि हे रिव्हॉल्व्हर. मी गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, मूठभर अक्षता घातल्या आणि वर चमचाभर पंचामृत. हे हातानं नको नको करत होते, पण तोंडानं मंत्र चालू होता, मध्येच थांबता येईना. नंतर वरवर पुसून ठेवलं.

रविवारी क्लबात ह्यांचा नंबर आला. ऐटीत घोडा ओढला, तो निम्म्यातच अडकला. गोळ्यांचं चक्र फिरेना. वॉल्टरनं बारका स्क्रूड्रायव्हर घालून टोकरलं तर आतून पिवळे तांदूळ बाहेर! मग मधाचा वास आला. एकानं गंभीरपणे विचारलं म्हणे, इंडियात तेलाऐवजी हे वापरतात का. आता ते दुरुस्तीला दिलंय. दुरुस्तीवाल्यानं अशी केस आजवर पाहिली नव्हती.

हसू येतं, पण वन्सं, स्वानंदीनं अजून तिकिटं काढलेली नाहीत. तिचा फोन आला की हे झाडांना पाणी घालायला बाहेर जातात. तुळस कुजायला आलीय. मी लाडवांचा रवा आणून ठेवलाय आणि भाजायचा धीर होत नाही.

तुमचीच,
रत्ना

---

प्लेनो, २२ ऑक्टोबर

ती. अक्का, शि. सा. न.

काल दुरुस्तीवाल्याकडे निघालो होतो, तेवढ्यात फोन वाजला. वॉल्टर असेल म्हणून घेतला, तर अनया. तिनं इंग्लिशमध्ये सरळ विचारलं, आजोबा, घरात गन आहे का? कुणाकडेही जायचं असलं की ती आधी हेच विचारते म्हणे. आईनं शिकवलेलं नाही, तिचं तीच.

वस्तू दुरुस्तीला होती. नाही म्हटलं असतं तरी खोटं ठरलं नसतं. मी म्हटलं, "होती. आता नाही." बोलून बसलो आणि मग ते खरं करायला गाडी काढली. त्याच दुरुस्तीवाल्याला विकून टाकलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? फार देखणं होतं गं.

वॉल्टरला सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं ऐकून घेतलं आणि हातात स्टॉपवॉच दिलं. आता दर रविवारी मी वेळ मोजणार आणि चुकलेल्यांवर ओरडणार. आवाजाची हौस फिटेल. संध्याकाळी स्वानंदीनं तिकिटं काढली. रत्ना रवा भाजतेय.

एक सांगायचं राहिलं. फोन ठेवण्याआधी अनयानं आणखी एक विचारलं. तुमच्या घरात लपायला जागा कुठे आहे? त्यांच्या शाळेत सराव घेतात. बंदूकवाला आला तर दिवे बंद करायचे आणि कोपऱ्यात गप्प बसून राहायचं. सात वर्षांची पोर, अक्का. सगळ्यात गप्प बसल्याबद्दल तिला स्टिकर मिळालाय. 

मी म्हटलं, जागा पुष्कळ आहेत. पलंगाखाली, कपाटात, गॅरेजमध्ये. पण इथे लपलं की हसायचं, म्हणजे मला सापडशील. आणि पहिलं राज्य माझ्यावर.

तुझा,
मनोहर