चाळीस वर्षांचं बोलावणं

४ जानेवारी

ती. दादास व वहिनीस,
धाकट्याचा वाकून नमस्कार.

पत्राला उशीर झाला, कारण हंगाम ऐन भरात आहे. रोज दोनदा पाण्याखाली जायचं, दर वेळी चार पाहुणे सोबत. त्यांतल्या एकाला तरी खाली पोचल्यावर आठवतं की आपल्याला भीती वाटते!

दादा, मार्चअखेर हे काम संपतं. माझा उजवा कान आता पाण्याची खोली सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. पुढे किनाऱ्यावर बसून हवेच्या टाक्या भरायच्या. म्हणून यंदाचं बोलावणं शेवटचं. चाळीस वर्षांत मी पाच-सहादा घरी येऊन गेलो, तू एकदाही इकडे फिरकला नाहीस. कधी पेपर तपासायचे असतात, कधी छप्पर गळतं, कधी वहिनीचा गुडघा आडवा येतो. छप्पर दुरुस्त झालं, आणि वहिनी तुझ्यापेक्षा भरभर चालते असं तिनंच कळवलंय.

पाणी कोमट आहे, भिऊ नकोस. प्रवाळाची भिंत बोटीपासून हाकेच्या अंतरावर. तिथे पोपटमासे चोचीनं प्रवाळ कुरतडतात, त्याचा आवाज खाली स्पष्ट ऐकू येतो. अख्खा वर्ग पाटीवर पेन्सिली चालवतोय असं वाटतं. तुला आवडेल.

सोबत तब्येतीचा फॉर्म आहे. तो भरून पाठव आणि मागोमाग तूही ये. सबब मात्र घरी ठेवून ये.

तुझा,
पाणकोंबडा


१७ जानेवारी

चि. धाकट्यास,
उदंड आशीर्वाद.

येतो. तुझ्या वहिनीनं हा शब्द दोनदा वाचला आणि कपाळाला हात लावून मला ताप आहे का ते पाहिलं.

बाबा रे, छत्तीस वर्षं मी मुलांना समुद्राच्या कविता शिकवल्या. भुजंगप्रयात म्हणताना टेबलावर अशा लाटा उसळवायचो की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून जात. आणि स्वतः समुद्रावर गेलो तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, टाच भिजवली आणि परत फिरलो. कवितेतलं पाणी कोरडं असतं, हे मुलांना कधी कळू दिलं नाही.

आणखी एक सांगायचं राहिलंय. तू घर सोडलंस त्या सकाळी मी परीक्षेच्या पर्यवेक्षणाला गेलो. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती, मी मागितली नाही. रागच इतका होता. शिकलासवरलेला मुलगा माशांच्या मागे जातो म्हणजे काय! तू बसमध्ये चढलास तेव्हा मी तीस मुलांच्या पाठी बघत उभा होतो. तू कशासाठी गेलास ते तुझ्या शेजारी राहून बघायचंय. आणखी काही नको.

रोज सकाळी बादलीत तोंड बुडवून श्वास रोखायचा सराव चालू आहे. वहिनी म्हणते, भावजींना लिहा की तुमचे दादा निदान बादलीत तरी उतरले.

फॉर्ममध्ये 'हो' आणि 'नाही' अशा नुसत्या चौकटी होत्या. इतक्या गंभीर प्रश्नांना एका शब्दात वाटेला लावणं मला बरं वाटलं नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर सविस्तर उत्तरं लिहिली आहेत.

भेटीपर्यंत माया पत्रातूनच पाठवतो.
दादा


२९ जानेवारी

ती. दादास,
नमस्कार.

हे पत्र वहिनीच्या हाती देऊ नकोस. आधी एकट्यानं वाच.

तुझा फॉर्म मी बोटीवर बसून वाचला. जिने चढताना दम लागतो का, यावर तू लिहिलंस की दुसऱ्या मजल्यापर्यंत लागत नाही, तिसऱ्याला कठड्यावरून मैदान बघत उभा राहतो आणि लोकांना वाटतं हा माणूस रसिक आहे. मी इतका हसलो की बोटवाल्यानं वळून पाहिलं. मग सातवा प्रश्न आला. गेल्या वर्षी दोनदा छातीत कळ आली, घाम फुटला, आणि घरी बोललो नाही कारण तिचा जीव घाबरा होईल, असं तुझ्या त्या सुंदर वळणदार अक्षरात लिहिलंय.

हे तू बायकोला सांगितलं नाहीस, डॉक्टरला सांगितलं नाहीस. सांगितलंस ते एका छापील कागदाला!

दादा, तुला खाली नेता येणार नाही. आणि बादली बंद कर. पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नसतो, हा आमचा पहिला धडा.

चाळीस वर्षं तुला बोलावलं आणि आता मीच नको म्हणतोय.

धाकटा


८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, रागावलो असलो तरी.

मोठा भाऊ मी आहे की तू? सत्तर वर्षांचा माणूस आपल्या छातीचं काय ते बघून घेईल. तुझ्याकडे कोरे फॉर्म असतील. सगळीकडे 'नाही'च्या चौकटीत खूण कर, खाली सही मी ठोकतो. आयुष्यात कुठल्या पोराला अर्धा गुण फुकट दिला नाही. आज स्वतःसाठी एक मागतोय.

मार्चनंतर तू टाक्या भरत बसशील. मग मी येऊन काय बघायचं, खुर्चीत बसलेला भाऊ? तसे आम्ही इकडेही पुष्कळ आहोत.

उत्तर लवकर दे. नकार असेल तर सावकाश दे.
दादा


२० फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार.

कोरा फॉर्म समोर घेऊन बसलो होतो. तुझ्यासाठी खोट्या खुणा करायला पेनही उचललं, लपवत नाही. पण तुझ्या छातीत खाली कळ आली तर वर आणणारा मीच असेन, आणि वर आल्यावर वहिनीसमोर उभाही मलाच राहावं लागेल. फॉर्म फाडून टाकला.

आता ऐक. भिंतीचा माथा पुरुषभर पाण्यात आहे. त्यासाठी टाकी लागत नाही. तरंगायचं जाकीट घालायचं, मास्क लावायचा, तोंडात नळी धरून पालथं पडून राहायचं. बोटवाला तुला दंडाला धरून ठेवील. मी पाहुण्यांना घेऊन बरोबर तुझ्या खालून जाईन. शेजारी नाही, पण डोळ्यांसमोर.

मात्र आधी वहिनीला सगळं सांगायचं, आणि तुमच्या डॉक्टरांची लेखी परवानगी आणायची. तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. लहानपणी तू माझ्या चहाड्या करायचास, आता माझी पाळी.

वाट बघतोय, किती ते तुला ठाऊक आहे.
धाकटा


२५ मार्च

चि. धाकट्यास,
पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

काल घरी पोचलो. वहिनी अजून सगळ्यांना सांगतेय की तिनं बोटीवरून माझ्या टकलावर तास-दीड तास नजर ठेवली. तुला माहीतच आहे, छातीचं कळल्यावर तिनं दोन दिवस मला जिना चढू दिला नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं, नाना तपासण्या केल्या, गोळ्या आणल्या, आणि परवानगी हातात पडल्यावर आधी स्वतःची पिशवी भरली.

निघताना तू विचारलंस कसं वाटलं, आणि मी आपला हवापाण्याबद्दल बोलत राहिलो. आता लिहितो.

शिडीवरून पाण्यात उतरलो. पाण्यात तोंड घातलं आणि पहिली पाच मिनिटं फक्त स्वतःचा श्वास ऐकला. मग दिसायला लागलं. जांभळ्या फांद्या, पिवळ्या माशांची रांग, एक कासव, कुठेच जायची घाई नसलेलं. इतक्या रंगांना मराठीत शब्द आहेत की नाहीत, देव जाणे. मला तरी सुचले नाहीत, आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

मग तू आलास. वर जमिनीवर एका कानानं ऐकणारा, पाय ओढत चालणारा माझा भाऊ तिथे नव्हताच. तू भिंतीकडेनं निघालास तो कुठे न अडखळता. एका पाहुण्याचा पाय प्रवाळाला लागणार होता, तो तू दोन बोटांनी असा बाजूला केलास, झोपलेल्या मुलाचा पाय पांघरुणात सरकवावा तसा. त्याला कळलंही नसेल. तेव्हा मला समजलं, तू कशासाठी गेलास. त्या सकाळी स्टँडवर आलो असतो, तरी तुला थांबवायलाच आलो असतो रे.

तुझ्या श्वासाचे बुडबुडे वर येत होते आणि माझ्या पोटाला लागून फुटत होते. बोटवाला मला बाजूला ओढत होता, मी हललो नाही.

तेवढ्यात तू मान वर केलीस. मास्कमुळे तुझा चेहरा मला नीट दिसला नाही. तिथून, खालून, तुला मी कसा दिसलो? एवढं मला लिही.

तुझाच,
दादा