मी तुमचा आवाज होते तेव्हा

मॅडम, मागच्या आठवड्यात काका माझ्या क्लासला येऊन बसले. काका म्हणजे तुमचे यजमान. आम्ही सगळी मुलं त्यांना काकाच म्हणायचो. तुम्हाला जाऊन पंधरा-सोळा वर्षं होऊन गेली आणि त्यानंतर आमची कधी गाठ पडली नव्हती. त्या दिवशी ते जे बोलून गेले, ते तुमच्याशिवाय कुणाला सांगावं हे मला कळत नाही.

तुमचा क्लास तुमच्या जेवणाच्या खोलीत भरायचा. मॅनेजमेंटच्या प्रवेशपरीक्षेचं गणित आणि इंग्रजी व्याकरण, दोन्ही तुम्हीच शिकवायचात. बाकीची मुलं नाशिकच्या इंग्रजी शाळांमधली, मी दिंडोरीहून एसटीनं येणारी. सुरुवातीचे काही आठवडे तुमचा आवाज होता. जाडसर, मधूनच खोकल्यात अडकणारा. "धावत बसकडे जाताना पिशवी फाटली," तुम्ही म्हणता आणि आमच्याकडे बघता. "धावत कोण होतं? पिशवी?" सगळे हसतात आणि इंग्रजी वाक्यातली तीच चूक आम्हाला लगेच दिसते. मग दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या घशाचं ऑपरेशन झालं. सुट्टीनंतर आम्ही आलो तर तुमच्या गळ्याभोवती पांढरं कापड होतं आणि आवाज नव्हता. पुन्हा येणारही नव्हता. बरीच मुलं कॉलेज रोडच्या मोठ्या क्लासला गेली. तुम्ही कुणाला थांबवलं नाही.

उरलेल्यांसमोर तुम्ही फळ्यावर लिहिलंत आणि माझ्याकडे बोट केलंत. वाच. मीच का, ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळलेलं नाही. तुमचा हात लवकर दुखायचा, म्हणून तुम्ही एखाददुसराच शब्द लिहायचात आणि त्याचं वाक्य मी करायचे. गणितात एक प्रकार असतो, प्रश्न आणि त्याखाली दोन विधानं. तेवढ्या माहितीवर प्रश्न सुटेल का, इतकंच सांगायचं. तुम्ही त्या विधानांखाली लिहिलंत, 'पुरेसं?' मी म्हणाले, "उत्तर काढायचं नाय. उत्तर निघतंय का, तेवढंच बघायचं." मागून कुणीतरी माझ्या 'नाय'ची नक्कल केली आणि खोली हसली. तुम्ही डस्टर टेबलावर असं आपटलंत की काका स्वयंपाकघरातून धावत आले. मग तुम्ही फळा पुसलात आणि मोठ्या अक्षरात लिहिलंत, 'ती बोलते ते मी बोलते.' त्यानंतर कुणी हसलं नाही. निघताना तुम्ही माझ्या हातावर खडीसाखरेची पुडी ठेवलीत आणि माझ्या गळ्याला बोट लावलंत. तुम्ही स्वतः तेव्हा पातळ पेजेवर होतात.

पुढे पुढे तुम्ही मार्कर उचलायच्या आधीच मला कळायचं तुम्ही काय लिहिणार ते. काका तुमच्यासाठी खिचडी मिक्सरमधून काढायचे. मिक्सर थांबेपर्यंत आपण दोघी गप्प उभ्या. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून, द्राक्षबागा मागे जाताना, हळू आवाजात तुमच्यासारखी बोलून बघायचे. शेजारची बाई एकदा म्हणाली, "कोणाशी बोलती गं पोरी?" मी म्हटलं, "कोणाशीच नाय."

परीक्षेच्या थोडं आधी तुम्ही गेलात. परीक्षेच्या हॉलमध्ये दोन विधानांचा प्रश्न स्क्रीनवर आला, मी घाईनं आकडेमोड करायला घेतली आणि अगदी कानाशी तुमचा तो जाडसर आवाज आला: उत्तर काढायचं नाही. मी वळून पाहिलं. मागे भिंत होती.

मला प्रवेश मिळाला. पुण्यात नोकरी केली, मग नाशिकला परत येऊन हाच क्लास काढला. इतकी वर्षं मी प्रत्येक बॅचला सांगत आले, "आमच्या मॅडम म्हणायच्या, उत्तर काढायचं नाही, निघतंय का तेवढंच बघायचं." वर्ग रिकामा झाल्यावर फळा पुसताना कितीदा तरी वाटतं, पाठीमागे कुणीतरी माझं वाक्य पुरं व्हायची वाट बघत उभं आहे. मी वळत नाही.

काका आले ते सकाळच्या बॅचला, कानटोपी घालून. मी आधी ओळखलंच नाही. "बसू का जरा मागे?" म्हणाले आणि शेवटच्या बाकावर डोळे मिटून पूर्ण तास ऐकत राहिले. मुलं गेल्यावर मी मोठ्या आनंदानं म्हणाले, "काका, ऐकलंत ना? अगदी मॅडमचंच आहे सगळं."

"कोणतं गं?"

"ते उत्तर काढायचं नाही, ते."

काका हसले. "छे गं. ती असं कधीच म्हणाली नाही. तिला उत्तर काढल्याशिवाय चैन पडायची नाही. गॅस बंद करायची, पण गणित पुरं करायची. ती नुसतं 'पुरेसं?' लिहायची. बाकीचं तू बोलायचीस. मी आतून ऐकायचो ना."

"मग तुम्ही आज काय ऐकायला आलात, काका?"

"तुला," ते म्हणाले. "त्या दिवसांत घरात तुझाच तर आवाज होता. दुसरा कुठला होता?"

मी त्यांना जिन्यापर्यंत सोडलं. तेव्हापासून तुमचा आवाज आठवायचा प्रयत्न करतेय. ती फाटकी पिशवी आठवते, हसणं आठवतं, पण आवाज काही केल्या येत नाही. येतो तो माझाच. मग त्या हॉलमध्ये माझ्या कानाशी कोण बोललं? आणि फळा पुसताना माझ्या मागे कोण असतं?

हे लिहिलेलं मी काकांनाही दाखवणार नाही. आज नवी बॅच सुरू झाली. दोन विधानांचा पहिला प्रश्न फळ्यावर लिहून मी मुलांकडे वळले आणि म्हणाले, "आमच्या मॅडम म्हणायच्या..." खरं काय ते माहीत होतं, तरी म्हणाले. मॅडम, वर्गात एकटीनं उभं राहायची मला भीती वाटते.