उतरा

ता. ६ ऑक्टोबर

चि. बुटकीस आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून शिंपीणबाईंनी लिहून टाकलं; मी सांगितलेलं नाही. या समोरच्या खोलीतल्या बाई मी बोलते ते उतरवून घेतात, पण शिव्या गाळतात. म्हणजे तुला निम्मंच पत्र पोचतं. तुमच्या त्या डिस्कच्या कारखान्यात नवा गेम छापायला घेतला की तो बाहेर फुटू नये म्हणून सगळ्यांचे फोन गेटवर जमा, आणि राहायलाही तुम्ही आतच. माझी तक्रार नाही. पत्र मी तीनदा वाचून घेते आणि तिन्ही वेळा तू तेच बोलतेस. फोनवर कुठे तसं?

आता तुझ्या बाबाचं. झटका येऊन आठ महिने झाले. उजवा हात ठेवू तिथे राहतो. तोंडातून शब्द नाही. फक्त तू घेऊन दिलेला तो बसचा गेम लावला की डाव्या हातानं बस हाकतो, आणि थांबा आला की म्हणतो, उतरा. एकवीस वर्षं ड्रायव्हर होता, बोलतो मात्र कंडक्टरचं! परवा मोजलं, एका फेरीत चौदा वेळा. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या की हा शब्द जपा, त्याच्या मागून बाकीचे येतील. मी दाराकडे डोळे लावून बसलेय. अजून हा एकटाच आलाय.

पण गेमचं मशीन तापतं. घरघरतं आणि मधेच बंद पडतं. पडलं की तो माझ्याकडे बघतो. ते बघणं मला सोसत नाही. त्यात शिंपीणबाईंनी कुठे वाचलं की या मशीनचं गेमचं दुकान बंद होणार. कुठलं दुकान गं? तू तर खुर्चीत बसल्या बसल्या गेम आणलास. खरं काय ते कळव. गंमत म्हणून विचारत नाही, भीती वाटते म्हणून विचारते.

आहे तेवढी माया टिकव, वाढव म्हणत नाही.

तुझी
आजी


ता. ११ ऑक्टोबर

ती. आजीस बुटकीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. शिव्या कुठे गाळल्यात ते मला बरोबर ओळखू येतं.

दुकानाचं खरं आहे. ते नेटवरचं दुकान आहे, तिथून गेम मशीनमध्ये उतरवून घेतात. तुमचं मशीन जुनं, म्हणून त्याचं दुकान पंधरा तारखेला कायमचं बंद होतंय. बाबांचा गेम आधीच उतरवलेला आहे, त्यामुळे तो चालत राहील. तू घाबरू नकोस. मीच थोडी घाबरलेय. आपल्या हातात त्या गेमचं काहीच नाही ना, डबी नाही, डिस्क नाही. मी दिवसभर दिव्याखाली डिस्क धरून ओरखडे शोधते, आणि माझ्या स्वतःच्या बापाला मी डिस्क दिली नाही. एका हाताने त्यांना घालता येणार नाही, उतरवून घेतलेलं सोपं, असं वाटलं. आता ते सारखं मनात येतं.

इथेही हवा बरी नाही. तीन छपाई यंत्रांपैकी दोहोंवर कापड टाकलंय. लोक आता डिस्क घेत नाहीत, सगळे उतरवूनच घेतात, म्हणून महिनाअखेर आमचा विभाग बंद, असं पर्यवेक्षक बाई म्हणाल्या. मला पॅकिंगला घेतील. घेतील बहुतेक.

मशीन तापतं ते धुळीनं. शिंपीणबाईंना सांग, आठवड्यातून एकदा सगळं नीट पुसून टाका. म्हणजे भार कमी होईल.

रागावलीस तरी आशीर्वाद रोखू नकोस.

तुझी
बुटकी


ता. २० ऑक्टोबर

चि. बुटकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

अक्षर वाकडं दिसेल. लिहिणारी रडतेय. मी तिला सांगितलं की रडायचं तर कागद बाजूला धरून रड, शाई फुटते.

झालं असं. सतरा तारखेला शिंपीणबाईंनी तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि पुसायला बसल्या. फडकं फिरवलं, जाळी झाडली, हातात धरायच्या दांडीवरची बटणंसुद्धा एकेक करून पुसली. मग मशीन चालू केलं तर पडद्यावर अक्षरं आली. जागा भरली आहे, जुनं डिलीट करू का, असं काहीसं होतं म्हणे. डिलीट म्हणजे पुसणं, हे त्यांना त्यांच्या मोबाइलवरून ठाऊक. तू लिहिलेलंस, सगळं नीट पुसून टाका, म्हणजे भार कमी होईल. बाईंनी सगळ्यात जड होतं ते नीट पुसून टाकलं. ती बस होती.

चूक कुणाची ते मी ठरवणार नाही. मी तर दोघींच्या मधे उभं राहून, हो, पुसा पुसा, म्हणत होते. आयुष्यात मी जे जे पुसलं ते आणखी लख्ख झालं. नाहीसं झालेलं हे पहिलंच.

आज चौथा दिवस. तो वेळेवर खुर्चीत बसतो. दांडी हातात धरतो. पडदा निळा. काल मी मागे उभी राहून स्वतःच मोठ्यानं उतरा म्हणाले. त्याने वळूनही बघितलं नाही. व्यायामाच्या बाई आल्या, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि वहीतलं काहीतरी खोडून गेल्या. त्या एरवी वहीत भरच घालतात. म्हणून मला धडकी भरली.

शिंपीणबाई आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाहीत. हे पत्रही जिन्यात बसून चाललंय. काहीतरी कर गं. शब्द गेला तर मागून यायचं कुणी?

कशीही असले तरी तुझीच,
आजी


ता. २५ ऑक्टोबर

ती. आजीस सा. न.

चूक माझी आहे. दिवसभर गेमच्या डिस्क हाताळणाऱ्या माणसानं पुसून टाका असं लिहायला नको होतं. हे शिंपीणबाईंना आधी वाचू दे, मग तू ऐक.

दुकान बंद झालंय. पुन्हा उतरवून घ्यायचा प्रश्नच उरला नाही. पण आमच्याकडे नमुन्यांची खोली आहे. इथे छापलेल्या प्रत्येक गेमची एक डिस्क तिथे ठेवतात. विभाग बंद होतोय म्हणून सोमवारपासून त्या चुऱ्याच्या यंत्रात घालतायत. मी दुपारच्या सुट्टीत जाऊन शोधलं. तिसऱ्या कपाटात सापडला, बसचा गेम. पर्यवेक्षक बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी यादीवर त्या ओळीपुढे नष्ट असं लिहिलं आणि डबी माझ्या पिशवीत टाकली. मग म्हणाल्या, आता जा, माझ्याकडे बघू नकोस.

सोबत पाठवतेय. पण आजी, आशा लावून बसू नकोस. अलीकडच्या पुष्कळ डिस्कमध्ये पूर्ण गेम नसतो. नुसती चावी असते, बाकीचं सगळं दुकानातून येतं, आणि ते दुकान तर बंद. ही कुठल्या जातीची ते डबीवर लिहिलेलं नाही. माझ्याकडे मशीन नाही. मी हजारो डिस्क तपासल्या, पण आत काय आहे ते कधी बघितलंच नव्हतं.

लागलं नाही तर मला लगेच कळवू नकोस. एक दिवस थांबून कळव.

तुझी
बुटकी


ता. १ नोव्हेंबर

चि. बुटकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

एक दिवस थांबायला सांगितलंस, मी दोन थांबले. मलाच नीट कळेना काय कळवायचं ते.

डिस्क मीच घातली. मधल्या भोकात बोट, कडेला अंगठा. चपाती तव्यावर टाकायच्या हातानं जमलं. मशीननं ती ओढून घेतली आणि बराच वेळ नुसतं घरघरलं. मग पडद्यावर अक्षरं आणि खाली दोन चौकोन. शिंपीणबाई उंबऱ्याबाहेरून वाचायला लागल्या. नेट नाही, गेम अद्ययावत नाही, पुढे जायचं का? वाचलं आणि पदर तोंडावर धरून भिंतीकडे वळल्या. मी काही सांगणार नाही म्हणाल्या, माझ्यानं दाबवणार नाही. मग मीच उजवीकडचा चौकोन दाबला. मला वाचता येत नाही याचा जन्मात पहिल्यांदा फायदा झाला; एवढं भिण्यासारखं काय लिहिलंय ते कळलंच नाही.

बस आली, बुटके. सगळी आत होती. पण पहिल्या दिवसाची बस. त्यानं कमावलेले मार्ग नाहीत, मोठी गाडी नाही. एकच रस्ता आणि लहान डबडं.

त्यानं दांडी धरली. पहिला थांबा आला, तो गप्प. दुसरा आला, गप्प. मी खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली होती की बोटं अजून दुखतात. तिसऱ्या थांब्यावर त्यानं गाडी उभी केली आणि हलवेचना. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. मला वाटलं, संपलं.

तो मान वळवून दाराकडे बघत होता. शिंपीणबाई तिथे उभ्याच होत्या, पंधरा दिवस असतात तशा. त्यांच्याकडे बघून तो म्हणाला, बसा.

स्पष्ट. मी बाईंना विचारलं की तुम्हीही ऐकलंत ना. त्या आत येऊन बसल्या. तेव्हा ऐकलं असणार.

उतरा मात्र अजून म्हणाला नाही. काल नाही, आज नाही. जुना शब्द गेला की नवा आला, याचा हिशोब मला जमत नाही, आणि व्यायामाच्या बाई गुरुवारी येतात. तोवर जीव टांगलेला. ही एकच डिस्क आहे, दुसरी जगात कुठे असेल नसेल, या विचारानं मी ती मशीनबाहेर काढतच नाही.

तुझ्या पॅकिंगचं काय झालं ते लिही. शिंपीणबाईंनी हे पत्र आमच्या खोलीत बसून लिहिलं. उठायला बघतात, पण तो त्यांना उठू देत नाही.

तुझी
आजी