उलट आकडे

८ मार्च, लातूर
नांदेडहून बदलून आले त्याला पंधरवडा झाला. जिल्हा नवा, ऑफिस नवं, फॉर्म जुन्या जिल्ह्याचेच. प्रत्येकावर उस्मानाबाद खोडून लातूर लिहायचं. बुद्धिमापनाची पेटी तेवढी माझी. पाणी नाही, आंघोळ दिवसाआड.

११ मार्च, चाकूर
शाळेत सहा मुलं तपासली. शेवटची कुसुम, वय दहा. हेडमास्तरांच्या मते पोरगी मंद, माझा अहवाल आला की नाव काढणार. नाव निघालं की आईबरोबर दुष्काळी कामावर, खडी फोडायला.
आकडे माझ्यामागून म्हणताना सलग सात आकड्यांपर्यंत गेली. मग पुस्तिकेतलं वाक्य, पुण्याचं भाषांतर: "आता मी म्हणेन ते उलट बोल." गप्प. तीनदा विचारलं, मान खाली. शून्य दिलं. ऐकलेलं धरते, डोक्यात फिरवता येत नाही, असा शेरा. बेरीज 'मंद'च्या रकान्यात. अहवाल संध्याकाळीच देऊन टाकला. कामाचा उरक दांडगा ना माझा!

१५ मार्च, चाकूर
राहिलेल्या मुलांसाठी परत. टँकरपाशी कुसुमची आई भेटली. म्हणाली, "पोरीनं आगाऊपणा तर न्हाई ना केला, बाई? बजावून धाडलं होतं, बाईला उलटं बोलू नको म्हून."
एम.ए. मानसशास्त्र, आणि हे डोक्यात आलं नाही. पोरीला बसवलं, म्हटलं, शेवटापासून सांग. पाच आकडे, डोळे मिटून, न अडखळता. लाज वाटली. फार.

१७ मार्च, लातूर
साहेबांना सांगितलं. त्यांचं म्हणणं, वाक्य बदललं की गुण बाद, आणि एकदा तपासलेलं मूल वर्षभर पुन्हा तपासायचं नाही. नियम बरोबर आहे, नव्या लोकांना मीच शिकवते. तरी फेरतपासणीचा अर्ज दिला. 'बघू' म्हणाले. हेडमास्तर सोमवारी नाव काढणार.

२० मार्च, रविवार, नांदेड
शिपायाला गळ घालून इथल्या ऑफिसातलं कपाट उघडून घेतलं. पाच वर्षं इथंही तेच वाक्य म्हणत आले. सरळ आकडे चांगले, उलट शून्य, शेरा मंद, असे फॉर्म बाजूला काढत बसले. दुपारपर्यंत एकोणीस. त्यात सतरा मुली. सही माझीच.
मुदखेडची एक आठवते. जाताना पाया पडली होती.
उद्या पहिल्या एसटीनं चाकूर, ऑफिस मग. अजून दोन गठ्ठे सोडायचे आहेत.