कस्टर्ड गोडच होतं

आई, तुम्हाला गाढ झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. काल तुमचं कस्टर्ड अगोड आहे असं मी फटकन बोलून गेले, पण दोष माझ्या जिभेचा होता. मधुमेहासाठी आम्ही ज्या गुडमार वेलीची तपासणी करतोय, त्याचं पान लॅबमधून निघताना मी चघळलं होतं. त्यानंतर तासभर साखरही वाळूसारखी लागते. तुम्ही बाबांच्या मधुमेहामुळे बेताच्याच साखरेचं केलेलं, आणि माझ्यामुळे फणफणत वरून साखर ओतलीत! ते पातेलं मी लॅबमध्ये नेतेय. बाबा फ्रिज धुंडाळतील, धुंडाळू द्या. त्यांची गोळी तेवढी द्या; आमचं पान अजून औषध झालेलं नाही. संध्याकाळी पुन्हा पहिल्यासारखंच करा. मी जीभ शाबूत ठेवून येते.

— सूनबाई