कपिल ट्रेडर्स, प्रोप्रायटर मी

२ डिसेंबर, मंगळवार

वाघ दिसला नाई. पंजा दिसला फक्त, ओल्या मातीत, बशीएवढा.

अन् इकडे बबनराव माह्या नावानं बोंबलून राह्यला. डांबरी रोडवर आलो, रेंज आली, तसे मिस कॉल पडत गेले, बोरं झडल्यावाणी. निघालो होतो यवतमाळले. चहाच्या टपरीवर कोणी म्हणे जंगलाकडं वाघानं गाय मारली, तं गेलो लोकायसंगं. माहं असंच हाये. एका गावाले निघतो अन् दुसऱ्याच गावात उतरतो.

बबनराव म्हणे, तुले एकच काम देल्लं होतं, रेंजमध्ये राह्याचं! ते खरंच हाये. तो ठेकेदार. टेंडर ऑनलाइन झाले तशी त्याले तीन दुकानं लागू लागली. एक त्याचं, दोन खोटी. खोट्यायनं भाव चढा भरायचा, म्हणजे त्याचा उतरलेला दिसते. माह्याजवळ आधार होतं, पॅन होतं, काम नव्हतं. झालो कपिल ट्रेडर्स! दुकान नाई, पाटी नाई. त्याच्या हापिसातला साकेत लॅपटॉपवर बसून तिघायचेबी भाव भरते. ओटीपी माह्या फोनवर येते, तेवढा मी सांगतो. फोन बी त्यानंच देल्लेला, त्याचा जुना.

आज आश्रमशाळेच्या ब्लँकेटचं टेंडर दुपारी बंद होणार होतं. बबनरावाचा भाव ८४०. माहा भरायचा होता ९३०. साकेतनं भरला ३९०! ध्यानात आलं, पण बदलायले ओटीपी पाह्यजे. ओटीपी फोनवर. फोन वाघाजवळ.

१० डिसेंबर, बुधवार

टेंडर उघडलं. मी जिंकलो.

वाटलं बबनराव मारते. त्यानं मारलं नाई. म्हणे, ऑर्डर पडली की 'नामंजूर' करून टाकू, मंग टेंडर नव्यानं निघन, तवा आपला भाव. साकेत म्हणे, पण याचं नाव काळ्या यादीत जाईन.

बबनराव म्हणे, "जाऊ दे ना बे. नाव घेऊन याले कुठी जाचं हाये?"

दोघं हसले. मी बी हसलो.

११ डिसेंबर

पोर्टल कोणालेबी दिसते म्हणे. पारदर्शक. मी बी पाह्यलं. माहं पूरं नाव, बापाच्या नावासकट. दहावीच्या निकालात आलं नव्हतं, ते इथं आलं.

१३ डिसेंबर, शनिवार

काल एका बाईचा फोन आला. कपिल ट्रेडर्स का? मी म्हटलं राँग नंबर. मंग म्हटलं, थांबा, मीच.

आश्रमशाळेच्या अधीक्षिका, मधुवंती मॅडम. नंबर पोर्टलवरून घेतला. ब्लँकेट कधी येतील, एवढंच विचारत होत्या. सांगता आलं नाई. आज मारेगावच्या गाडीत बसलो, उतरून पायी गेलो. काहून गेलो, मलेच माहीत नाई.

पोरी दोघी-दोघी एका चादरीत झोपतात. खिडकीले काचा नाईत, लग्नाचे जुने फ्लेक्स बांधले. पोरी आत कुडकुडतात अन् वरून नवरा-नवरी हसून राह्यले. मागच्या वर्षीच्या ब्लँकेट मॅडमनं दाखवल्या. एकदा धुतल्या अन् बादलीत नुसता लगदा. तो माल बबनरावाचा. त्या टेंडरातबी मी होतो, हरणारा.

मॅडमनं मले खुर्ची देल्ली. कपातून चहा. एक पोरगी दारातून म्हणे, ब्लँकेटवाले भाऊ आले. मॅडम म्हणाल्या, "कपिलभाऊ, तुम्ही माल द्याल ना? तुम्ही नाही म्हणालात तर फेरनिविदा. तोवर उन्हाळा लागतो."

मी म्हटलं, देतो.

कायले म्हटलं! माह्याजवळ स्वतःच्या पांघरायची ब्लँकेट नाई.

१४ डिसेंबर

बाभुळगावच्या रोडवर रूपसिंग सापडला, लिंबाखाली दोरीवर माल टांगून. याच्यासंगं मागं आदिलाबादपर्यंत हिंडलो होतो ब्लँकेट विकत. पोटातलं सगळं ओकलो त्याच्याजवळ. भाव किती भरला, विचारे. तीनशे नव्वद.

तो हसाले लागला. म्हणे, "लेका, तीनशेत देतो. ऊन हाये तरी पांघरून पाह्य."

पांघरली. भर दुपारी घाम फुटला.

म्हणजे चुकून भरलेला भावच खरा निघाला! मंग ८४० कायचे? लिंबाखाली बसून हेच घोळवत राह्यलो. हातपाय गार पडले, आंगावर ब्लँकेट असून.

रूपसिंगचा नागपूरचा सेठ उधारीवर माल देते म्हणे, ऑर्डर मंजूर झाल्याचा कागद पाह्यजे फक्त. मॅडमले रूपसिंगच्या फोनवरून सांगतलं. त्या म्हणाल्या, पासवर्ड दुसऱ्याजवळ असला तर नवा घ्या, ओटीपी तुमच्याच फोनवर येईल.

माह्याच फोनवर! जन्मात पहिल्यांदा काही माह्या हातात हाये.

१७ डिसेंबर, बुधवार

बबनरावाले तोंडावर सांगतलं, ऑर्डर मी घेतो. नकार द्यायचा ओटीपी भेटणार नाई म्हटलं.

तो चिडलाच नाई. चहा मांगवला. साकेतकडं पाह्यलं, मंग म्हणे, "बरं बाबा. तुही मर्जी. पण तुह्या फर्मचं केवायसी राह्यलं. ते नाई झालं तं ऑर्डर अडकन."

साकेतनं अंगठ्याची मशीन पुढं केली, सिमकार्डाच्या दुकानात असते तशी. ऑर्डर अडकाले नाई पाह्यजे. लावला अंगठा. दोनदा लावाले लागला, पह्यल्यांदा घेतला नाई.

येताना रोडवर एक जण बैलाच्या पायात नाल ठोकत होता. पाहत बसलो. बैल पडून असते चारी पाय बांधून, अन् डोळे उघडे. घरी आल्यावर बी तेच डोळे.

१८ डिसेंबर

आज कुठी गेलो नाई. रेंज सोडली नाई. पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसून राह्यलो, जेवलो बी तिथंच. आई म्हणे, तबेत बरी नाई काय?

मंजुरी उद्या सकाळी, बाभुळगावच्या नेट कॅफेत. रूपसिंग गठ्ठे बांधून तयार हाये म्हणे.

तिसऱ्या पहरी फोनच्या दांड्या गेल्या. टॉवर बंद असन.

१९ डिसेंबर, शुक्रवार

लिंबाखाली पोचलो तवा रूपसिंगच्या फोनवर मॅडम होत्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही नाकारलीत? पोर्टलवर दिसतंय. काल संध्याकाळीच."

मी नाई नाकारली. माहा फोन काढला. दांड्या अजून नाईत. रूपसिंगच्या फोनले पुऱ्या हायेत, कंपनी एकच.

त्याच्याच फोनवरून माहा नंबर लावला. रिंग गेली. माह्या हातातला फोन वाजला नाई. तिकडं कोणी उचलला.

"हॅलो, कपिल बोलतो."

साकेतचा आवाज.

मी ठेवून देल्ला. रूपसिंग गठ्ठ्यावर बसला होता. विचारे, कोण होता?

म्हटलं, कपिल.